उकळलेलं बियाणं

मित्रांनो, मी एक जुनी जाळीची आलमारी आहे आणि मी अजून रागातच आहे. म्हातारी झाले, एक पाय मोडला, त्याच्याखाली वीट सरकवून मला कशीबशी उभी केली आहे, तरी राग काही उतरत नाही. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसला आलाय राग? अहो, आलापल्लीच्या सागाची आहे मी! आमच्या लाकडाला वाळवी लागत नाही आणि आमचा रागही सहजासहजी झिजत नाही.

कोलू सुताराने मला घडवलं. उरल्यासुरल्या फळ्या त्याने रंधा मारून गुळगुळीत केल्या, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी ठोकली, पुढे दोन दारं लावली. मग हात झटकत म्हणाला, "आता इच्यात मुंगी शिरली तं माहं नाव बदलून टाकजा." मुंगी शिरली नाही. माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असत. वर दूध, मधे दही, खाली उरलेली भाजी. मांजर जाळीला नाक लावून तासन्‌तास बसायची आणि हात हलवत परत जायची. मागच्या व्हरांड्यात मी उभी असायचे, समोर परसबाग, कुंपणापलीकडे जंगल. त्या घरात मला मान होता.

घर म्हणजे सरकारी क्वार्टर. ते श्रीहरीला मिळालं होतं. तो लाकडाच्या डेपोत कारकून. ऐंशी-एक्याऐंशी सालची गोष्ट सांगते आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली तिला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, बायको कमला धानोऱ्याकडची. आणि आरमोरीकडच्या गावाहून त्याची आई बायनाबाई त्याच्याजवळ राहायला आली होती. बायनाबाई ढिवर समाजाची. त्यांच्या गावात मासे धरायचे आणि कोसाही पिकवायचे. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून राखायच्या, त्यांनी स्वतःभोवती कोसे विणले की उतरवून उकळायचे आणि त्यांचं सूत काढायचं. तसरचं रेशमी कापड त्याच सुताचं. बायनाबाईचा जन्म यातच गेला होता. श्रीहरीला मात्र या कामाचं नाव काढलं तरी अवघडल्यासारखं व्हायचं.

एका उन्हाळ्यात बायनाबाईचा धाकटा भाऊ लहानू टोपलं घेऊन आला. टोपल्यात कोसे होते, कोंबडीच्या अंड्याएवढे, कडक, मळकट पिवळे.

"बियाणाचे हायेत, बाई," तो म्हणाला. "मागच्या साली रोगानं सारं पीक गेलं. घरी उंदरं लय झाले. एवढंच बियाणं वाचलं. गावात दुसऱ्या कोणापाशी नाई."

बायनाबाईने चहूकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. "हे आलमारी हाय ना! उंदीर जात नाई, मुंगी जात नाई, हवा खेळते. मृग लागेपर्यंत इथीच राहू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुधादह्याची आलमारी! माझ्या पोटात किडे? पण मला विचारतंय कोण? दूध खाली जमिनीवर गेलं, कोशांच्या माळा माझ्या आत टांगल्या गेल्या. मांजरीने त्याच दिवशी दूध फस्त केलं. बरी जिरली सगळ्यांची, असं मी मनात म्हटलं.

बायनाबाई रोज सकाळी माझं दार उघडायची. एखादा कोसा कानाशी धरून हळूच हलवायची. आत काहीतरी हलायचं. "झोपून राह्यला गडी," ती माझ्याकडे बघून म्हणायची, घरात बोलायला दुसरं कोणी नसायचंच. "मृगाची हवा लागली का तोंडाकडून कोसा ओला करते अन्‌ भोक पाडून बाहेर येते. सूत काढाचं तं भोक पडाच्या आधी उकळा लागते. बियाणं कराचं तं भोक पडू द्या लागते." ऐकता ऐकता माझा राग मावळला. दूध नासतं, दही आंबतं, भाजी शिळी होते. माझ्या आत पहिल्यांदाच असं काही आलं होतं जे पुढे वाढणार होतं. उंदीर जाळीला दात लावून गेला त्या दिवशी मी अंगातला खिळा न्‌ खिळा घट्ट धरून उभी राहिले.

एकदा शेजारचे मोठे कारकून वामनराव चहाला आले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "काऊन हो श्रीहरी, आलमारीत काय टांगलं?"

श्रीहरीचे कान लाल झाले. "काई नाई, भाऊ. आईचं औषध हाय. गावठी."

औषध! मित्रांनो, बायनाबाई दाराशीच चहा गाळत उभी होती. तिने ऐकलं आणि चहा गाळून दिला. मग मीच मनातल्या मनात श्रीहरीला लाखोली वाहिली. ज्या आईने कोशाच्या पैशांवर तुझे सदरे शिवले, तिच्या कोशाला औषध म्हणतोस? अरे, जिभेला काही हाड?

पुढे भाचीचं लग्न निघालं आणि बायनाबाईला गावी जावं लागलं. कमला उन्हाळा लागल्यापासून माहेरी होती, ती यायची होती. जाताना बायनाबाई पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात थांबली.

"कमलेले सांगजो, बाबू. आलमारीतले बियाणाचे हायेत. हात लावू नोको म्हणा. सांगजो बरं!"

"सांगतो ना, आई. किती डाव सांगशीन?"

कमला आली. हात-पाय धुतले, माझ्याजवळ आली आणि तिचा चेहरा फुलला. तिच्या आजोळी बाया कोशाचं सूत काढायच्या, तिनेही लहानपणी ते पाहिलं होतं. "अवो! हे कोसे काऊन टांगले इथी?" तिने आनंदाने विचारलं.

आता सांग! आता तरी सांग! दोन शब्दांचं काम होतं. पण वामनरावांच्या अंगणात खाट टाकलेली होती आणि त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. श्रीहरी दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना. आईचे हायेत. राहू दे." आणि डेपोत निघून गेला. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाने माझं दार उघडलं आणि तिच्या तोंडून "अवं माय!" निघालं. एका कोशाचं टोक ओलं झालं होतं. आतला जीव जागा झाला होता. कमलाला माहीत होतं ते एवढंच, की भोक पडलं की कोसा सुताला गेला. तिला वाटलं, सासू लग्नाच्या गडबडीत उकळायचं विसरली. आता सगळे फुटतील आणि म्हातारीची मेहनत मातीत जाईल. "तरी बरं मी आली," ती स्वतःशीच पुटपुटली. तिने चुलीवर मोठं गुंड, म्हणजे पाण्याचं गोल भांडं, ठेवलं, कोशाचा चीक सुटावा म्हणून पाण्यात राख टाकली आणि माझ्या पोटातल्या माळा एकेक करून काढायला सुरुवात केली.

मी काय करणार होते? दार फुगवून धरलं. तिने खांद्याने ढकलून उघडलं. बिजागरी करकरली, ती म्हणाली, "तेल द्या लागते इले." तेल! मला जीभ हवी होती त्या वेळी, तेल नव्हे! पाणी खदखदत होतं आणि ती गुणगुणत माळा सोडत होती. चांगल्या मनाने करत होती, हेच जास्त झोंबतं. ओल्या टोकाचा तो एक कोसा तेवढा तिने बाजूला काढला. "हा तं वाया गेला," असं म्हणून माझ्या खालच्या कप्प्यात टाकला आणि विसरली.

संध्याकाळच्या एस.टी.ने बायनाबाई परतली. पिशवीही न ठेवता आधी माझ्याकडे आली. श्रीहरी नुकताच डेपोतून आला होता.

"कोसे कुठी हायेत?"

कमला हसत बाहेर आली. सासूला ती मामी म्हणायची. "उकळून ठेवले ना, मामी. एक फुटून राह्यला होता. बाकीचे वाचवले मी."

बायनाबाई माझ्या पायाशी मटकन बसली.  मग म्हणाली, "बियाणं होतं वो ते, माय. बियाणं उकळलं तू. लहानूले आता मी कोणतं तोंड दाखवू?"

कमला हातातलं फडकं टाकून पुढे आली. "मले कोणं सांगतलं, मामी? मले कोणीच नाई सांगतलं!"

दोघींनी श्रीहरीकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "मले वाटलं..." एवढंच तो म्हणाला.

"तुले वाटली ते लाज!" बायनाबाई ओरडली. वामनरावांच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं असेल, आणि जावंच. "बायकोपाशी कोशाचं नाव घ्याची लाज! मी तुले औषध म्हणताना आयकलं, तरी गप राह्यली. मीच गप राह्यली नसती तं बरं झालं असतं."

त्याच क्षणी माझ्या आत काहीतरी फडफडलं. खालच्या कप्प्यातला तो वाया गेलेला कोसा फुटला होता. जाड, ओलं पाखरू जाळी धरून वर चढलं होतं आणि पंख पसरून वाळवत होतं. हळदीसारखा पिवळा रंग, प्रत्येक पंखावर आरशासारखा एकेक गोल डोळा. बायनाबाईने डोळे पुसून निरखून पाहिलं. "मिशा बारीक हायेत, पोट मोठं हाय. मादी हाय हे. नराच्या मिशा मोरपिसावानी रुंद राह्यतात, रंग विटकरी राह्यते." मग खचून म्हणाली, "पण नर कुठून आणू? नर तं सारे गुंडात गेले."

कमला रडत होती. बायनाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "रडू नोको. दोरा आण, बारीक."

कुंपणाजवळ ऐनाचं झाड होतं. बायनाबाईने मादीच्या पंखाच्या मुळाशी अलगद दोरा बांधला आणि तिला खालच्या फांदीला लावून ठेवलं. माणसाला कळत नाही असा वास तिच्या अंगाला असतो म्हणे, जंगलातला रानटी नर तो लांबून ओळखतो आणि येतो. जुने लोक असंच करत. "आला तं आला," ती म्हणाली. "नाई आला तं ह्या बियाणाचं नाव संपलं."

"लोक पाहतीन, आई," श्रीहरी म्हणाला. तरीही! इतकं होऊनही! मला वाटलं, अंगावर कोसळावं याच्या.

"पाहू दे," बायनाबाई म्हणाली.

पहिल्या सकाळी मादी एकटीच होती. ती काही खात नाही, खाण्याजोगं तोंडच तिला नसतं, थोडेच दिवस जगते. कमला दिवसभर काटकी घेऊन झाडाखाली बसली आणि कावळ्यांना हाकलत राहिली. जेवायला उठली नाही. दुसऱ्या सकाळी उजाडता उजाडता तिची हाक आली, "मामी! मामी, दोन हायेत!"

विटकरी रंगाचा, रुंद मिशांचा नर मादीला बिलगून बसला होता. बायनाबाईने फांदीला हात जोडले. मीही जोडले असते.

मग मादीला सोडवून पानांच्या द्रोणात ठेवलं, तिथे तिने अंडी घातली. लहानू आला आणि त्याने सगळं ऐकलं. मग द्रोण हातात घेऊन म्हणाला, "एका झाडापुरते हायेत, बाई. त्याच्यावर वाढवू. ह्या साली सूत नाई, बियाणंच करू." एक अख्खं साल त्यांच्या घरात सूत निघालं नाही. कोणाच्या न बोललेल्या दोन शब्दांपायी, हे तुम्ही विसरू नका.

कमला मात्र बदलली. परसात कुठेही अळी दिसली की ती आता ठेचत नाही, उकळत तर नाहीच. लिंबावरची हिरवी, डिवचली की लाल शिंगं काढून वास सोडणारी, रुईवरची पट्टेपट्टे असलेली, एरंडावरची काटेरी. जी ज्या पानावरची, त्याच पानासोबत तिला माझ्यात ठेवते आणि कोण बाहेर येतं ते बघते. "लिंबावरची काळी निंगाली, मामी! रुईवरची लाल!" दोघींनी कुंपणाला रुई राखून ठेवली, कढीलिंब लावला, फुलपाखरं आपणहून येऊ लागली. आधी मी नाक मुरडलं. आता सवय झाली.

मग घरात फ्रिज आला. कानामागून आला आणि तिखट झाला. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ढकललं, ओढताना पाय मोडला, जाळी गंजली. पण मृगाच्या आधी लहानू अजूनही टोपलं घेऊन येतो आणि माळा माझ्यातच टांगतात. त्या फ्रिजला सांगा म्हणावं, जिवंत बियाणं राखून दाखव.

मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झालेले वामनराव सहज आले. चष्मा वर करून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "काऊन हो श्रीहरी, आलमारीत काय टांगलं?"

कमला थांबली. बायनाबाईचा चहा गाळणारा हात थांबला. श्रीहरीचे कान लाल झाले, पण या वेळी तो मोठ्याने बोलला. "कोसे हायेत, भाऊ. बियाणाचे. आमी ढिवर, आमच्या घरचं काम हाय ते."

"अस्सं?" वामनराव म्हणाले. "दाखवा बरं मले एक."

झालं. एवढंच झालं! आभाळ कोसळलं नाही, कोणी हसलं नाही, चहासुद्धा निवला नाही. त्यांनी कोसा कानाशी धरला, हलवला आणि लहान पोरासारखे खूश झाले. म्हणजे या 'दाखवा बरं'ला घाबरून श्रीहरीने टोपलंभर जीव गुंडात जाऊ दिले होते.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, जाळीला रंग द्या, एवढं म्हणण्याचा हक्क मला आहे. पण ते नंतर केलं तरी चालेल. आधी तुमच्या घरात काय टांगलेलं आहे, त्याचं नाव घरातल्या माणसाला मोठ्याने सांगा. कारण आम्हा आलमाऱ्यांना सगळं माहीत असतं आणि आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला तर येतं ना!