पुलावरचा म्हातारा

आमची कंपनी बनवते त्या कॉम्प्युटर गेममध्ये माणूस वाटेल तिकडे भटकू शकतो, किल्ले लुटू शकतो, वाटेत येईल त्याला लोळवू शकतो. त्यातल्या एका पुलावरून एक म्हातारा हळूहळू चालत जायचा. ती चाल माझ्या बाबांची होती.

नटांना म्हातारं चालणं जमेना, नुसते कण्हत वाकायचे. म्हणून माणसाची चाल कॅमेऱ्याने टिपून गेममधल्या पात्राला देतात, त्या स्टुडिओत मी बाबांना नेलं. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस. अंगाला चिकटणारा काळा पोशाख आणि त्यावरच्या पांढऱ्या गोळ्या बघून म्हणाले, "सर्कशीत भरती केलीस होय मला?" मग चालले. दुखरा गुडघा जपत, दर दहा पावलांवर थांबून मागे बघत. आई कायम मागे पडायची, म्हणून ती सवय.

गेम बाजारात यायच्या आधीच बाबा गेले. आई रोज दुपारी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम लावायची आणि पुलापाशी जायची. लढाई-बिढाई तिला येत नाही. म्हातारा मागे वळला की ती म्हणायची, "आले हो."

माझं काम लोकांची मतं निवडायचं. रोज हजारो मतं येतात, सगळी कोण वाचणार? म्हणून पद्धत मीच बसवली होती. एक स्टारवाल्या मतांत जी गोष्ट जास्त वेळा येते, ती तक्रार. कॉम्प्युटर मोजतो, मी यादी प्रमुखांना पाठवते.

पहिल्याच आठवड्यात एका बड्या समीक्षकाने लिहिलं, की हा म्हातारा म्हणजे गेमच्या गळ्यातलं लोढणं आहे. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. सोमवारी यादीत पहिलाच तो होता. पुलावरचा म्हातारा, चारशे बारा वेळा.

मतं उघडायला एक क्लिक पुरे होतं. पण बाबांना दिलेल्या चारशे बारा शिव्या वाचायचा धीर मला झाला नाही. आणि बापाला वाचवलं म्हणून कुणी बोट दाखवायला नको, म्हणून यादी होती तशी पाठवली. आली मोठी प्रामाणिक!

पुढच्या अपडेटमध्ये म्हातारा काढला. दुपारी आईचा फोन आला. "अगं, हे आज दिसत नाहीत."

तेव्हा कुठे मी ती मतं उघडली.

"पुलापाशी गेम बंद पडतो. मला त्या आजोबांबरोबर पलीकडे जायचंय. दुरुस्त करा."

"तो मागे वळून माझ्यासाठी थांबतो. माझ्यासाठी असं कुणी थांबत नाही. आणि नेमकं तिथेच गेम आपटतो. एक स्टार."

एकामागून एक सगळी तशीच. शिव्या होत्या, पण बंद पडणाऱ्या गेमला; आईच्या कॉम्प्युटरवर तो कधी बंद पडला नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी निवांत सफरचंद कापत होतं.

मी प्रमुखांकडे धावले. त्यांनी आलेख दाखवला. "दोन स्टारवरून चारवर आलो आपण. म्हातारा काढला आणि लोक खूश."

"गेम बंद पडायचा थांबला म्हणून खूश झालेत, सर. तीही दुरुस्ती याच अपडेटमध्ये गेली."

"स्टार कशामुळे वाढले, सिद्ध करून दाखव."

दाखवता येईना.

"मग राहू दे. सुरळीत चाललंय, त्यात आता हात घालायचा नाही." माणूस वाईट नाही. मी निघताना हळूच म्हणाले, "यादी तुझीच होती ना?"

त्या बड्या समीक्षकानेही गेमबद्दलचं मत बदललं होतं. आता पूल मोकळा झाला म्हणे.

घरी आले तर आई पुलावर तशीच उभी, पलीकडे बघत. गेमचा आवाज बंद करून तिने विचारलं, "कुणाला नकोसे झाले ते?"

मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"चारशे बारा जणांनी लिहिलं होतं?"

"हो."

"आणि तू एकही वाचलं नाहीस?"

"भीती वाटली गं."

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, "मला द्यायचंस. मी वाचलं असतं."