सेकंदाला दोन सेंटीमीटर

कोळ्याच्या पोटातून धागा ओढायचा, हे तिचं काम. ऐकलं की लोक तोंड वाकडं करत, म्हणून कुणी विचारलं तर ती नुसतं ‘प्रयोगशाळेत आहे’ एवढंच सांगायची. तिथे तिला सगळे रिळाच्या बाई म्हणत. अकरा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं आणि तिच्याइतका हलका हात त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचा नव्हताही. हे तिलाही ठाऊक होतं. गडबड तिथूनच सुरू झाली, असं आता म्हणायला हरकत नाही.

काम असं. उबदार खोलीतल्या चौकटीवरून तळहाताएवढी मादी उचलायची, स्पंजाच्या तुकड्यावर उताणी ठेवायची, आठही पाय जाळीच्या कापडाखाली घ्यायचे आणि कापड टाचण्यांनी पक्कं करायचं. मग भिंगातून बघत पोटाच्या टोकाशी चिमट्याने धागा धरायचा, रिळाला चिकटवायचा आणि मोटर सुरू करायची. सेकंदाला दोन सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही. एका रिळाला दीडशे मीटर, म्हणजे दोन तास. तेवढा वेळ बाई शेजारी स्टुलावर बसून राही. मादीला घाई खपत नाही. पाय सुटला असेल तर ती मागचा पाय धाग्यावर आडवा घालून तो धरून ठेवते, आणि नसेल सुटला तरी पोटातल्या पोटात ब्रेक लावतेच. रीळ भरलं की बाई त्याच्या कार्डावर मादीचा नंबर, तारीख आणि वेग लिहायची.

दोनच सेंटीमीटर का, हे सरांनी तिला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, प्रथिनांचा अभ्यास करण्यात केस गेलेले.

“धाग्याचं प्रथिन म्हणजे लांबच लांब साखळी,” ते म्हणाले होते. “तिचा काही भाग घट्ट घडी घालून शेजारच्या साखळ्यांना बिलगतो. त्याचे बारीक, कडक कण होतात. ते धरून ठेवतात, म्हणून धाग्याला ताकद. बाकीचा भाग सैल, गुंतवळासारखा. तो लांबतो, धक्का पोटात घेतो. भरधाव माशी आदळली तरी जाळं फाटत नाही ते त्याच्यामुळे.”

“आणि भराभर ओढला तर?”

“तर सैल भाग आधीच ताणून सरळ होतो. धागा आणखी ताकदवान वाटतो, पण पुढे लांबायला आत काही शिल्लक राहत नाही. झटका बसला की संपलं.”

त्या दिवशी घरी जाऊन तिने हे सगळं धाकट्या बहिणीला तपशीलवार सांगितलं. आई गेल्यापासून दोघीच होत्या, आणि धाकटीला तिनेच वाढवलं होतं.

“म्हणजे आपल्या घरात तू कडक आणि मी सैल,” धाकटी म्हणाली. “मी नसते तर तू कधीच तुटली असतीस, ताई.” आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

धाकटी एका कारखान्यात काचकाम करायची. गॅसच्या ज्योतीवर काचेची नळी फिरवत फिरवत वाकवायची, फुगवायची, जोडायची. ताईच्या प्रयोगशाळेतली निम्मी भांडी तिच्याच हातची होती. नळी नेमकी कोणत्या क्षणी मऊ पडते, हे म्हणे तिच्या बोटांना आधी कळायचं आणि डोळ्यांना मागून.

एका सोमवारी दुपारी नळी हातातच फुटली. काच उजव्या तळहातात शिरली आणि तर्जनी व मधलं बोट वाकवणाऱ्या दोन्ही कंडरा कापल्या गेल्या. कंडरा म्हणजे बोट ओढून घेणारी आतली दोरी. धाकटी ही दोन बोटं ताठ ठेवून दवाखान्याच्या बाकावर बसली होती आणि “वाक, वाक गं,” असं त्यांना हळूच सांगत होती. ताईला ते बघवलं नाही.

हाताचे सर्जन म्हणाले, “उद्या सकाळी नेहमीच्या दोऱ्याने शिवून टाकू.”

त्या क्षणी ताईने मान डोलावली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण याच सर्जनना तिची प्रयोगशाळा कोळ्याचा दोरा देणार होती. शेकडो तंतू विणून केलेला, शरीराला सहज मानवणारा, वण कमी ठेवणारा. पहिल्या रुग्णावर पुढच्या महिन्यात वापरायचा होता. अकरा वर्षं तो ओढायचा आणि सख्ख्या बहिणीचा हात भलत्याच दोऱ्याने शिवायचा? तिने सर्जनना गळ घातली, सरांना फोन लावला, दोघांचा पिच्छा पुरवला.

“शुक्रवारपर्यंत थांबतो,” शेवटी सर्जन म्हणाले. “त्यानंतर कंडरांची टोकं आत सरकतील. दोरा आला तर आला, नाहीतर नेहमीचा आहेच.”

धाकटीने डाव्या हाताने कागदावर सही केली. “तू म्हणतेस तर ठीकच असेल,” म्हणाली.

विणायला आणि निर्जंतुक करायला गुरुवारचा अख्खा दिवस हवा. म्हणजे ओढायला मंगळवार आणि बुधवार. लागणार चोवीस रिळं, यंत्र एकच. दोन तासांच्या हिशोबाने ते होणं शक्यच नव्हतं. मंगळवारी सकाळी पहिल्या रिळाचा तासभर गेल्यावर बाईने घड्याळाकडे पाहिलं आणि मोटरची कळ फिरवली. सेकंदाला आठ सेंटीमीटर. रीळ अर्ध्या तासात भरू लागलं. आजवर जिने दुसऱ्यांना अडीचवरही जाऊ दिलं नव्हतं, तिने.

दुपारी सतरा नंबरची मादी अडून बसली. म्हातारी होती, बाईची लाडकी. तिने कापडाखालून मागचा पाय सोडवला आणि धाग्यावर आडवा घातला. बाईने तो चिमट्याने बाजूला केला. तिने पुन्हा घातला. “अगं, आज नको ना,” बाई काकुळतीला येऊन म्हणाली आणि पाय जरा जोरात ओढला. तो चिमट्यातच राहिला. बाईने तो कागदावर ठेवला आणि मोटर चालूच ठेवली. संध्याकाळी कार्डं लिहिताना वेगाच्या रकान्यात सवयीने ‘दोन’ पडलं. पहिल्या कार्डावर खरंच सवयीने. उरलेल्यांवर मात्र तिने ते समजून उमजून लिहिलं.

गुरुवारी विणलेल्या दोऱ्याचा तुकडा ताणयंत्रात लावला. पडद्यावर रेघ सरळसोट वर चढली आणि संपली. एरवी ती वर चढून मग कलायची, डोंगराच्या उतारासारखी लांबवर जायची आणि मग तुटायची. सरांनी शिखरावरचा आकडा वाचला. “बाई, पाचव्या हिश्शाने ताकद वाढली! काय हात आहे तुमचा!” सर्जनच्या तक्त्यात रकाना फक्त ताकदीचा होता. सरांनी आकडा भरला आणि तिची पाठ थोपटली. दोरा किती लांबला हे शेजारीच लिहिलेलं होतं: नेहमीच्या निम्मं. तिने ते वाचलं. ताकद वाढलीय ना, मग झालं तर, असं तिने स्वतःला समजावलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली, झकास झाली. दुसऱ्या आठवड्यात बोटं जराशी वाकू लागली. ताई रोज व्यायाम मोजून करून घ्यायची. धाकटी प्रत्येक बोटाला शाबासकी द्यायची आणि ताईला चिडवायची, “आता मी अर्धी कोळी झाले. भिंतीवर चढले तर घाबरू नकोस.”

अठराव्या दिवशी सकाळी ओट्याच्या कडेवरून पाण्याचा ग्लास घरंगळला. जन्मभर काच सांभाळलेला हात, तो कशाला विचारायला थांबतो? धाकटीने झेप घेऊन ग्लास झेलला. तळहातात खट्कन काहीतरी झालं. ग्लास फुटला नाही. तिने तो डाव्या हाताने नीट ओट्यावर ठेवला आणि मग ती खाली बसली.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत सर्जनना दोऱ्याची तुटकी टोकं सापडली. दोन्ही कंडरा चिंधीसारख्या फाटल्या होत्या, जोडण्याजोग्या राहिल्या नव्हत्या. “ही दोन बोटं आता वाकायची नाहीत,” ते म्हणाले. मग धाकटीकडे वळून, “झटका द्यायचा नाही असं बजावलं होतं ना?” सरांनी चोवीसही कार्डं तपासली. वेग दोन, सगळं नियमाप्रमाणे. त्यांनी अहवालात रुग्णाचा निष्काळजीपणा असं लिहिलं.

“माझीच चूक,” धाकटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. “हातच मेला आगाऊ.” भेटायला आलेल्या कारखान्यातल्या बायकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. दर वेळी ताई चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाई. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी कामाला निघताना तिला दरवाजा ओलांडवेना. ती परत आली, धाकटीच्या समोर बसली आणि सगळं बोलून टाकलं. कळ, आठ सेंटीमीटर, म्हातारीचा पाय, कार्डं, पडद्यावरची रेघ. काहीही मागे ठेवलं नाही. “मला वाटलं, तुला सगळ्यात चांगला दोरा मिळावा,” असं म्हणून ती रडू लागली.

धाकटीने आपल्या ताठ बोटांकडे पाहिलं.

“मला साधा दोराही चालला असता, ताई,” ती म्हणाली. “चांगला तुला हवा होता.”

ताईने मान खाली घातली.

“त्यातला दोरा उरलाय?”

“सहा पाकिटं. फ्रिजमध्ये.”

“कुणाला लावणार?”

“गुरुवारी एक सुतार आहे. अंगठ्याचं.”

“सरांना सांगितलंस?”

“नाही. सांगितलं की मला काढून टाकतील. मग आपलं दोघींचं...”

“ताई, आज वार कोणता?”

“बुधवार.”

“मग बसलीस काय? ऊठ.”

ताई उठली. पदराने तोंड पुसलं, पर्स घेतली. धाकटी तिच्या मागोमाग दारापर्यंत आली. ताईला वाटलं, आता ही मिठी मारेल, नाहीतर थोबाडीत तरी देईल. दोन्हींतलं काहीही तिला चाललं असतं.

धाकटीने डावं मनगट पुढे केलं. बाहीचं बटण उघडं लोंबत होतं.

“जाताना एवढं लावून जा,” ती म्हणाली. “मला नाही येत आता.”