पुनमच्या ताऱ्याच्या जागी मी

मी झटका मशीन बोलतोय. पारोळ्याजवळ गिरधर आबांच्या मळ्यात, उन्हाळी मक्याच्या बांधावर एका खांबाला मला टांगलंय. मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही, तरी बोलतो.

धुळ्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. काम एकच, कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा ठोका सोडायचा. डुक्कर तारेला शिवलं की किंचाळत पळतं. काय तोरा होता माझा!

आबांची लेक पुनम जळगावला कॉलेजात शिकते. तिनं घराच्या धाब्यावर अँटेना उभारली. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ती संगणकात साठवायची. आकाशाची खरखर साधारण एका पातळीत राहते. सरासरीपेक्षा फारच उंच उडालेला आकडा माणसाच्या यंत्राचा समजून फेकायचा, हा तिचा नियम. पण माझे ठोके इतके दांडगे, की त्यांनी सरासरी आणि त्या सरासरीवर बेतलेली मर्यादा दोन्ही वर ढकलली. चाळणीची भोकंच मोठी केली म्हणा ना! मी आरामात आत शिरलो. काही तारे ठेक्यात रेडिओलहरींचे ठोके सोडतात, तसाच टकटकणारा नवा तारा ठरलो.

आबा गावभर सांगत सुटले, "मनी पोरनी तारा शोधा!" पुनमनं सरांना कळवलं. कॉलेजात सर्वांसमोर बोलायचा दिवसही ठरला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. माहेरवाशिणी बांधावरच्या निंबाला झोके बांधतात, म्हणून त्या दिवशी आबा मला बंद ठेवतात. त्या दिवशी पुनमचा तारा दिसलाच नाही.

ती चपापली. सरासरी सोडून तिनं सगळे आकडे चढते लावले आणि मधला आकडा धरून मर्यादा नव्यानं ठरवली. मधला आकडा माझ्या दांडगाईला बधत नाही. पडद्यावर माझा एकेक ठोका मर्यादेबाहेरचा म्हणून लाल झाला.

"आबा, हाऊ तारा नही. आपलं झटका मशीन शे."

आबा बांधाकडे निघाले. "मंग बंद करी टाकू का?"

"नका, आबा. डुकरं बठ्ठा मका खाई जातीन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जळगावला जाऊन तिनं सर्वांसमोर सरळ सांगितलं, "माझा तारा म्हणजे आमच्या मळ्याचं कुंपण." लोक हसले म्हणे.

आता ती माझे ठोके वेचून फेकते. प्रत्येक ठोक्याबरोबर तेवढ्या वेळचं आकाशही फेकलं जातं. आबा, एकदा विळा घेऊन या हो. तारेला गवत टेकलंय, तिथंच ठिणग्या उडतात आणि माझा आवाज धाब्यापर्यंत जातो. तेवढं कापा. डुकरं हाकलता हाकलता मीच तुमच्या पोरीचं आकाश खातोय.