दुर्बिणीतला वारा

तांदळाच्या पिंपात हात घातला आणि दयारामना बंदुकीची दुर्बीण लागली. सुती फडक्यात गुंडाळलेली, चांगली हातभर लांब. ते हसत सुटले. "हेमा, आज भाताबरोबर हे शिजवायचंय का गो?"

त्यांची मुलगी हेमांगी ओशाळायची सोडून चिडलीच. वसईत काचेच्या कुठल्याही वस्तूला बुरशी धरते, मग माणूस ती ओल शोषून घ्यायला तांदळात पुरतो आणि वाट बघतो. तिनंही तेच केलं होतं. काल या दुर्बिणीतून पन्नास मीटरवरचा निशाण्याचा कागद पाण्याखाली ठेवल्यासारखा हलताना दिसला, तेव्हा आत पाणी शिरलंय अशी तिची खात्रीच झाली.

चंदनसारला बँकेत नोकरी करणारी ही बाई तरुणपणापासून एअर रायफल चालवत होती. चाळिशी उलटली आणि नळीच्या टोकाचं नेम धरायचं कडं धूसर दिसायला लागलं. तिचे नेमबाजीतले गुरू व्हिन्सेंट अंकल म्हणाले, टेबलावर रायफल टेकवून दुर्बिणीनं मारायचीही स्पर्धा असते, तिकडे वळ. त्यांनी दोन दुर्बिणी पुढ्यात ठेवल्या, एक आखूड नऊ पटीची, एक लांब बत्तीस पटीची. "मोठ्या आकड्याला भुलू नकोस," ते म्हणाले. "ही लांब दुर्बीण हात स्थिर करत नाही, तो किती हलतो ते दाखवते." हेमांगीनं अर्थातच लांब उचलली.

पहिल्या दिवशी सांडोरला बाबांच्या वाडीत तिला निशाणाच सापडेना. नुसती केळीची पानं, तीही एकेक शीर मोजावी इतकी मोठी. आधी पट कमी करायची, निशाणा शोधायचा, मग हळूहळू वाढवायची, हे तिला उमगलं. मान जरा हलली की मधली काळी फुली निशाण्यावरून घसरायची. बाजूची चकती अंतराप्रमाणे फिरवली तेव्हा फुली जागच्या जागी चिकटली. मग दिसला तिचा स्वतःचा ठोका. प्रत्येक ठोक्याला फुली कणभर उडत होती. छातीत एवढं काही चाललेलं असतं आणि आपण खुशाल बँकेत शिक्के मारत बसतो, याचं तिला फार नवल वाटलं.

पण पाचातले दोन छर्रे उजवीकडे जायचे ते जायचेच. निवडीची स्पर्धा उद्यावर आली होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की दुर्बिणीनंही जमलं नाही तर दोष डोळ्यांचा. मग रायफल पेटीत आणि पेटी माळ्यावर.

"सोड आता," बाबा म्हणाले. "वयाप्रमाणे डोळे जायचेच."

तिनं व्हिन्सेंट अंकलना फोन करून सगळं सांगितलं. "रायफलवरून काढलीस? आणि तांदळात घातलीस? अगं बाई, पाणी गेलं असतं तर धुकं दिसलं असतं. आता परत बसव आणि नेम पहिल्यापासून जुळव."

ऊन चढेपर्यंत तिनं नेम जुळवला. केळींच्या दोन ओळींमधल्या सरळ पट्टीत पुन्हा कागद लावला. वारा कळावा म्हणून टेबलाजवळ बांधलेली लाल फीत निपचित लोंबत होती. तिनं डोळा लावला. कागद पुन्हा हलत होता! वैतागून तिनं चकती थोडी मागे, जवळच्या अंतरावर फिरवली. कागद पुसट झाला, आणि त्याच्या अलीकडे काहीतरी वाहायला लागलं. पाटातलं पाणी वाहावं तसं, पारदर्शक, डावीकडून उजवीकडे. मध्येच ते थबकलं, सरळ वर चढलं, पुन्हा उजवीकडे वळलं.

लहानपणी तिनं पाटाचं पाणी केळींना वळवलं होतं. पाणी कसं चालतं ते तिला विचारायला नको. पण हे पाणी नव्हतं, उन्हानं तापलेली हवा वाहत होती.

"बाबा! इकडे या. वारा दिसतोय!"

"वारा? इथे पान हलत नाही."

"इथे नाही. पट्टीच्या मध्यावर, कुंपणाच्या खिंडारापाशी. बघा तर!"

वादळात कुंपणातला फणस पडला तेव्हापासून तिथे खिंडार होतं. त्याच्यासमोरच्या केळींची पानं कायम फाटलेली असायची, आणि दयाराम दर वर्षी तिथे नव्यानं टेकू लावून वाऱ्याला शिव्या घालायचे. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

"आयुष्यभर याच्याशी भांडलो," ते हळूच म्हणाले, "आणि तोंड आज बघतोय."

ते उठेचनात. हेमांगीला आपलीच रायफल मागून घ्यावी लागली.

तिनं चकती जागेवर आणली. आता कुठे बघायचं ते कळल्यावर स्पष्ट कागदावरही तो प्रवाह दिसत होता. वाहणं एका चालीत येईपर्यंत ती थांबली. मग छातीवर दगड ठेवून फुली निशाण्याच्या मध्यावरून काढली आणि डावीकडे, कोऱ्या कागदावर नेली. इतक्या वर्षांत तिनं असं मुद्दाम कधी चुकवलं नव्हतं. ठोका पडला, फुली उडाली, स्थिरावली. तिनं घोडा दाबला.

भोक मधोमध पडलं.

तिनं पुन्हा मारलं. त्याच भोकात. पुन्हा मारलं, आणि मग दुर्बिणीत काही दिसेनासं झालं.

"काय झालं गो? पाणी शिरलं आत?"

"नाही," डोळे पुसत हेमांगी म्हणाली. "बाबा, माझे डोळे चांगले आहेत."