अर्ध्या दारावरची पाटी

मी पाटी बोलतेय. पितळेची, ओतीव, दोन हात लांब आणि वजनाला चांगली दणदणीत. एका कोशकाराने या घरात उभा जन्म घालवून इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार केला, असं माझ्या अंगावर कोरलंय. लोक मला वाचतात, मान डोलावतात आणि चालू लागतात. माझं म्हणणं आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगतेय.

कोशकारांना मी पाहिलेलं नाही. मला ओतलं तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ठाऊक आहे ते सगळं या घरच्या आजींकडून. कोशकार त्यांच्या सासऱ्यांचे भाडेकरू. पुढच्या खोलीत भिंतभर खणांचं कपाट आणि खणाखणात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुणीतरी वापरलेलं एक वाक्य. लांबलांबचे लोक अशी वाक्यं पाठवायचे, हातगाडीवरून गोणीच्या गोणी यायच्या. रस्त्याने जाणाऱ्या सुताराला नाहीतर गवंड्याला कोशकार हाक मारून आत घ्यायचे आणि त्याच्या हत्यारांची नावं विचारत बसायचे. "दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या," आजी सांगतात. "वाऱ्याने आम्हाला पडसं व्हायचं, पण त्यांना त्याचं काय!"

पुढे स्मारक समिती झाली. मला लावायचं कुठे, यावर खूप चर्चा झाली. भिंतीला ओल होती, गिलावा सुटत होता. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ज्या दारातून शब्द आत आले त्या दारावरच लावू. सगळ्यांना ते फारच आवडलं. डाव्या फळीवर मला स्क्रू पिळून बसवलं. दुसऱ्या दिवशी आजींनी सवयीप्रमाणे दोन्ही फळ्या उघडल्या आणि माझं तोंड घरात वळलं. बाहेरून येणारे वाचणार काय, कपाळ? समितीने लगोलग फळी चौकटीला खिळे ठोकून बंद केली. ती पुन्हा उघडणार नाही, असा शब्द आजींच्या यजमानांनी दिला. वाचणाऱ्याची काळजी सगळ्यांनी केली, दाराची कुणी केली नाही.

तरी बरीच वर्षं निभावलं. माणसं अंग चोरून अर्ध्या दारातून ये-जा करत. यजमान गेले. मग आजी न्हाणीत पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. चाकांची खुर्ची घडी घालून घरात आली, पण उघडल्यावर ती दारातून बाहेर निघेना. मागच्या बाजूला जिना. एकदा शेजाऱ्यांनी आजींना उचलून पाहिलं, तर त्या दारातच कळवळल्या. डॉक्टरांनी उचलायला सक्त मनाई केली.

समोरच्या रांगेतल्या शेवटच्या घरात आजींची थोरली बहीण राहायची, तीही अंथरुणाला खिळलेली. आजी पडण्याआधी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायच्या. आता ते बंद झालं. बहिणीची खिडकी मला दिवसभर दिसायची, आजींना दिसायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

समितीचे चिटणीस भला माणूस. "पुढच्या बैठकीत विषय घेतो, आजी," म्हणाले आणि खरोखर घेतला. मला काढायला सगळे तयार होते. काढल्यावर लावायची कुठे, यावर एकमत होईना. विषय बैठकीमागून बैठकीत पुढे जात राहिला.

एके सकाळी बहिणीची मुलगी धावत आली. "मावशी, आईने कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. सारखं तुझंच नाव चाललंय."

आजींच्या मुलाने फोन हातात घेतला. "चिटणीसांना विचारतो. बाबांनी शब्द दिलाय, आई."

"दिला तेव्हा मी चालती-फिरती होते," आजी म्हणाल्या. "तो शब्द मी मोडतेय. तू पकड आण."

मुलगा पकड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. सूनबाईंनी मला खालून धरलं, त्याने स्क्रू काढले, मग खिळे उपसले. फळी कुरकुरत उघडली. खुर्ची उंबऱ्यापर्यंत आली, पण पुढे पायरीवर उतरेना. सूनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच आडवं टाकलं, एक कड उंबऱ्यावर, एक बाहेरच्या पायरीवर. आजींची खुर्ची माझ्या अक्षरांवरून खडखडत गेली. खरं सांगते, मला आनंद झाला.

बहिणींची भेट मी पाहिली नाही, मी उंबऱ्यावर होते. संध्याकाळी परतल्यावर आजी सुनेला सांगत होत्या. "ओळखलं गं ताईने. माझा हात धरला आणि म्हणाली, इतके दिवस का नाही आलीस? दार बंद होतं, असं कसं सांगू तिला?" दोन दिवसांनी बहीण गेली. पोचवायला आजी माझ्यावरूनच गेल्या.

चिटणीस आले, मला बघून त्यांचा चेहरा पडला. कुठे पाय ठेवावा ते त्यांना समजेना. "बैठकीत विषय घ्यावा लागेल," म्हणाले.

"घ्या की," आजी म्हणाल्या. "तोवर तिच्यावर पाय देऊन आत या. चहा टाकलाय."

तेव्हापासून मी इथेच आहे. चाकांनी कोशकारांचं नाव जरा घासलं गेलंय. समितीला माझं एवढंच सांगणं आहे, मला पुन्हा उभी करू नका. आणि तुम्ही वाचायला आलात तर वाकून वाचा, मात्र खुर्ची येताना दिसली तर वाचन अर्धं सोडून बाजूला व्हा.