रेड्याचे ब्रेक

आमच्या गाडीला घरात सगळे रेडा म्हणतात. चारही चाकांनी ओढणारा, माझ्या लग्नाच्याही आधीचा, रंगाने काळपट आणि स्वभावाने हट्टी. चिखलातून, दगडगोट्यांतून मुकाट वर चढतो. उतरताना मात्र त्याचा भरवसा नाही, हे मला महिन्यापूर्वी कळलं. लसींचा डबा मागे ठेवून डोंगरावरच्या वस्तीतून खाली येत होते. ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय थेट तळाला गेला. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत घासत गाडी कशीबशी थांबवली. डब्यातली एकही बाटली फुटली नाही. उरलेला उतार मी पहिल्या गिअरमध्येच, रांगत रांगत उतरले.

मी परिचारिका आहे. अकरा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी वरच्या तीन वस्त्यांवर जाते. लसी, बाळंतिणी, मलमपट्ट्या, आणि म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजताना ऐकावी लागणारी त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी. तिथे बस जात नाही, साधी मोटार अर्ध्या वाटेत माघार घेते. म्हणून ज्याच्याकडे स्वतःची, तपासणीत पास झालेली गाडी असेल त्यालाच हे काम, असा आमच्याकडे नियम. रेड्याची तपासणी शनिवारी होती. नापास झाला तर मला मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खोलीत बसायचं होतं. मग वस्त्यांवर कोण जाणार, असं विचारलं तेव्हा साहेबांनी नुसते खांदे उडवले.

आमच्या ह्यांना हे नोंदणीच्या खोलीचं प्रकरण फारच आवडलं. पंखा आहे, खुर्ची आहे, पाचला सुटका. त्यांनी भंगारवाल्याशी बोलणंही करून टाकलं. तो शनिवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. मी तोंडाचा पट्टा सोडला. बराच वेळ सोडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी गेली तर गेली. त्या उतारावरून तू गेलीस तर मी काय करू?"

त्यांचं खरं होतं. म्हणून मी आणखी चिडले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, वय पंचाहत्तर, हात अजून स्थिर. ते एवढंच म्हणाले की जुने ड्रम ब्रेक काढून पुढच्या चाकांना डिस्क बसवू. ड्रमच्या पोटात उष्णता कोंडते, लांब उतारावर ब्रेक तापतो आणि दगा देतो. डिस्क म्हणजे उघडी लोखंडी चकती, तिला वारा लागतो. हे हसले. त्या हसण्यावरून बाबांनी दोन दिवस लेकाशी अबोला धरला, जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं.

मी आठवडाभराची रजा टाकली आणि बाबांच्या हाताखाली कामाला लागले. याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलच्या डिस्क आणि कॅलिपर त्यांनी जुन्या ओळखीतून मिळवले होते. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा लोखंडी जबडा. गाडी जॅकवर चढली, ड्रम निघाले, आतून वाडगाभर काळी पूड पडली. बाबा प्रत्येक बोल्ट पुसून ओळीने मांडत होते. मी एकदा ओळ मोडली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ऑपरेशनच्या टेबलावर चहाचा कप ठेवला.

मंगळवारी सगळं बसलं, फक्त चाक बसेना. नव्या मोठ्या कॅलिपरवर जुनं पंधरा इंची चाक अडकत होतं. बाबांनी सगळं दोन-दोनदा मोजलं होतं, चाक तेवढं मोजायचं राहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चाक लहान आहे, असं चाकालाच सुनावलं. आता सोळा इंची चाकं हवी होती. ती मिळाली कुठे, तर ज्या भंगारवाल्याला गाडी विकायची ठरली होती, त्याच्याच आवारात. बिचाऱ्याने चारही चाकं स्वतः आम्ही भाड्याने आणलेल्या टेम्पोत चढवून दिली. बाबांनी ती घासून, सरळ आहेत का हे फिरवून पाहून, राखाडी रंग दिला. नवे टायर चढले. रेडा दोन बोटं उंच झाला आणि मला उगाचच अभिमान वाटू लागला.

खरी परीक्षा पुढेच होती. ब्रेकच्या नळ्यांत तेल भरलं की आतली हवा काढावी लागते. हवा राहिली तर पेडल भिजलेल्या उशीसारखं लागतं. हे काम दोघांचं. मी गाडीत बसून पेडल मारायचं, बाबांनी चाकापाशी बसून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाहेर सोडायचं.

"मार. मार. मार. धर," बाबा म्हणायचे. मी धरायची. खालून फुसकन आवाज यायचा. "सोड."

गुरुवारी दिवसभर आमचं हेच चाललं. तेलाच्या तीन बाटल्या संपल्या. पेडल होतं तसंच, मऊ. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. माझी पोटरी भरून आली. बाबांनी एक-एक जोड उघडून तपासला, कुठेही गळती नव्हती. दुपारी हे ऑफिसमधून जेवायला आले, दारातूनच विचारलं, झालं का. त्या दोन शब्दांत त्यांनी भंगारवाला, नोंदणीची खोली आणि पंखा, सगळं भरलं होतं. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. बोल्टांची ओळ त्यांच्याच पायाने मोडली होती आणि ती त्यांनी सरळही केली नाही.

पाय मोकळे करायला मी खाली उतरले आणि चाकापाशी जाऊन पहिल्यांदाच नीट वाकून पाहिलं. हवा काढायचा तो स्क्रू कॅलिपरच्या खालच्या टोकाला होता. तीस वर्षांत मी किती इंजेक्शनं भरली असतील याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी सुई वर धरायची, टिचकी मारायची, बुडबुडा वर येतो, मग तो ढकलून द्यायचा. सुई खाली धरून कुणी हवा काढत नाही.

"बाबा," मी म्हटलं, "हा स्क्रू खाली कसा? हवा तर वर जाते."

बाबांनी मान वाकडी करून कॅलिपरकडे पाहिलं, मग पलीकडे जाऊन दुसऱ्याकडे पाहिलं. दोन्हींवर त्यांच्याच हाताने खडूने लिहिलं होतं, एकावर डावा, एकावर उजवा. मग ते बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले, गाडीकडे तोंड करून, आयुष्यभर लेथसमोर उभे राहिले तसे. आपला डावा हात वर केला. तो गाडीच्या उजव्या चाकाकडे होता. कॅलिपर उलटसुलट बसले होते, म्हणून स्क्रू खाली आणि हवा वर अडकलेली. तेल कितीही ओता, हवा आपली जागची हलत नव्हती.

"आमच्याकडे डावा म्हणजे पेशंटचा डावा," मी म्हटलं. "आपला नाही."

मला वाटलं रागावतील. ते इतके हसले की खोकला लागला, मी पाठीवर थापटत राहिले, आणि आत जेवत असलेले हे ताट सोडून बाहेर आले, म्हाताऱ्याला काय झालं ते बघायला.

कॅलिपर काढून अदलाबदल करायला दोन तास लागले. मग मी पुन्हा बसले. मार, मार, मार, धर. पहिल्यांदा मोठा बुडबुडा आला, मग बारीक फेस, मग नितळ तेल. दहाव्या फेरीला पेडल अर्ध्यावरच माझ्या पायाखाली घट्ट थांबलं. मी आणखी जोर लावला. ते हललं नाही. मी गाडीतच टाळ्या वाजवल्या, आणि शेजारणीने खिडकीतून विचारलं की कुणाला मुलगा झाला.

शनिवारी तपासणीला आम्ही तिघं गेलो. तपासनिसाने रेड्याकडे आधी उसने मागायला आलेल्या नातेवाईकाकडे पाहावं तसं पाहिलं. पुढची चाकं रोलरवर चढली, त्याने ब्रेक दाबला, यंत्रावरचा आकडा पाहिला. मग पुन्हा दाबला, कारण त्याचा विश्वास बसला नाही. डावीकडची आणि उजवीकडची पकड जवळजवळ सारखी होती. मैदानात वेग घेऊन त्याने जोरात ब्रेक मारला. रेडा रेषेवर नाक खाली दाबून सरळ उभा राहिला. फिटिंग कुणी केलं, असं त्याने विचारलं.

"काम माझं," बाबा म्हणाले. "चूकही माझी होती. ती सुनेनं पकडली."

चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द स्वतःसाठी कुणी ऐकला नव्हता. ह्यांनी चमकून बापाकडे पाहिलं. मग बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण हे बराच वेळ माफी मागत होते.

सोमवारी ह्यांनी सुट्टी काढली. मी येतो, म्हणाले, कशासाठी ते सांगितलं नाही. वर तिन्ही वस्त्यांवर माझं काम होईपर्यंत गाडीत बसून राहिले. सतरा मुलांना लस दिली, सतरा जणांनी टाहो फोडला, मला इतका आनंद त्या रडण्याचा कधी झाला नव्हता. परत निघालो. उतार सुरू झाला तसं ह्यांनी समोरची कडी घट्ट पकडली. पहिल्याच वळणावर म्हणाले, थांबव. मी थांबवली. गाडी सरळ उभी राहिली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, थांबव. मी पुन्हा थांबवली. खाली येईपर्यंत मी नऊ वेळा थांबवली, एकदाही कुरकुर केली नाही. माझ्या स्वभावाला हे शोभत नाही, पण त्यांना काय मोजायचं होतं ते मला कळत होतं.

सपाटीला लागल्यावर त्यांनी कडी सोडली. तळहात लाल झाले होते, ते पँटला पुसले.

"गुरुवारी मला सुट्टी नाही," ते म्हणाले. "तू जा."