चित्रातली गाभण गाय

“अनुप, हे पाह्य! ही गाय व्यायले आली.”

आबांचा आवाज हॉलभर घुमला. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या त्या छोट्या गॅलरीत कुणी एवढ्यानं बोलत नाही. चार-पाच माना वळल्या.

चित्र लंडनहून पाहुणं आलं होतं. एका नामवंत इंग्रज चित्रकारानं मिसरूड फुटायच्या वयात काढलेलं. ओढा, दोन झाडं, चिखलात उभी तांबडी गाय. गार्डचा गणवेश घालून अनुप महिनाभर रोज त्याच्यासमोर उभा राहत होता. गायीकडे त्यानं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

आबांचं बोट पुढं सरकलं. “शेपटाच्या बुडाशी खड्डा पडला, दिसते का? आज सांजपर्यंत...”

अलार्म वाजला.

शेजारच्या हॉलमधून मेग धावत आली. अनुपची सुपरवायझर. नव्वद दिवसांच्या ट्रायलनंतर नोकरी पक्की व्हायला तिची सही लागणार होती. पण खरं सांगायचं तर अनुपला नोकरी जाण्याची भीती वाटलीच नाही. त्याला आबा दिसले, मेगच्या डोळ्यांनी. डोक्याला माकडटोपी, पायात मोज्यांवर रबरी चपला, हातात डब्याची पिशवी. आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं मेगला ठोकून दिलं होतं, माझे वडील जनावरांचे डॉक्टर होते म्हणून. आबा मेहकरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. तीस वर्षं गायींचे पाय धरले, जखमा धुतल्या.

“सर,” अनुप इंग्रजीत म्हणाला, “प्लीज स्टेप बॅक. चित्राला हात लावायचा नाही.”

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मेगकडे. मग त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. बोट खाली आलं.

“सॉरी सर,” ते म्हणाले, आणि दोन पावलं मागं सरकले. दवाखान्यात डॉक्टरसाहेब आले की सरकायचे, अगदी तसे.

“ओळखीचे आहेत का?” ते गेल्यावर मेगनं विचारलं.

“नाही.”

जेवणाच्या सुट्टीत तिनं दाराजवळची अभिप्रायाची वही त्याच्यापुढं धरली. “तुझं कौतुक आलंय, मेट!”

आबा केसपेपरवर लिहायचे तशी मोठी, सुटी इंग्रजी अक्षरं. ‘गार्ड गुड बॉय. टॉक विथ रिस्पेक्ट.’ देश, इंडिया. नावाचा रकाना कोरा.

“किती छान! नाव लिहायचं मात्र विसरला बिचारा,” म्हणत मेग कॉफी आणायला गेली.

आबा रकाना विसरणारे नव्हते. जनावराचं वय, रंग, शिंगं, मालकाचं नाव. तीस वर्षं एकही रकाना त्यांनी कोरा सोडला नव्हता.

अनुपनं पेन उचललं. कोऱ्या जागेत लिहिलं, ‘भानुदास, ड्रेसर. माझे वडील.’ मराठीत. मेगला ते वाचता येणार नव्हतं, म्हणूनच हात चालला. हे लिहिता लिहिताच त्याला कळलं, आणि कान तापले.

आबा बाहेर बाकावर बसले होते, गॅलरीकडे पाठ करून. डबा उघडलेला नव्हता. अनुप जवळ जाऊन बसला.

“आबा, ती गाय...”

आबा पिशवी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. डबा मात्र दोघांच्या मधोमध ठेवला.

“लांबच बस,” ते हळूच म्हणाले. “तुही मॅडम काचेतून पाहून राह्यली.”